माय कुणाच्या हवाली

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या, सेवा करा," म्हणून सांगितलं आणि तेव्हापासून जनकाबाईंच्या दोन्ही लेकांत सेवेची चढाओढ लागली. म्हणजे सेवा कुणाकडून करून घ्यायची, याची. स्वतः हात लावायचा प्रश्न कुणाला पडला नव्हता. घरात थोरली सून शिवकन्या होती, आणि ती असल्यामुळं असले प्रश्न त्या घरात कित्येक वर्षं कुणालाच पडत नव्हते.

दिवस हळदीचे होते. आखाडा बाळापूरच्या शिवेला त्यांचं घर. अंगणात हळद शिजवायचा कुकर धडधडत होता आणि त्याची वाफ खिडकीतून थेट जनकाबाईंच्या खोलीत शिरत होती. बाई आधीच काविळीनं पिवळ्या झालेल्या. पित्ताशयातला कॅन्सर लिव्हरमध्ये उतरला होता. त्यांना मात्र 'अल्सर' म्हणून सांगितलं होतं, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला थोरला विश्वंभर दारातच तशी ताकीद देऊन मग आत सोडायचा.

"हळदीच्या घरात म्हातारी पिवळी," जनकाबाई सुनेला म्हणायच्या, "कुनाच्या ध्यानात बी यायचं न्हाई. बराबर टायम साधला बघ मी."

शिवकन्या हसायची आणि त्यांच्या पाठीमागं उशी सरकवायची. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत दुखणं ठाण मांडून बसलं होतं. पडलं तरी दुखे, बसलं तरी दुखे. मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या आता नुसत्या पोटात जात होत्या. त्यांचं काम त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

धाकटा वैजनाथ पुण्याहून आला तो एकटा आला नाही. नांदेडला नव्यानं निघालेल्या एका केंद्राचा माणूस त्यानं सोबत आणला होता. विजयकुमार त्याचं नाव. भर उन्हात कोट घातलेला, हातात टॅबलेट. बैठकीत विश्वंभर, वैजनाथ आणि हिंगोलीहून आलेली बहीण सरिता बसली होती. विजयकुमारनं टॅबलेटवर बाग दाखवली, एसी खोली दाखवली, भिंतीवरचा टीव्ही दाखवला.

"अंतिम प्रवासाचा सन्मान, ही आमची टॅगलाईन आहे सर," तो म्हणाला.

"भेटायला कधीबी येता येतं का?" विश्वंभरनं विचारलं.

"व्हिजिटिंग अवर्स आहेत. पण ॲपवर चोवीस तास लाईव्ह दिसतं. पुण्यात बसून मातोश्रींचं दर्शन!"

वैजनाथचा चेहरा उजळला. मायला रोज बघायचं आणि तरीही पुण्यातच राहायचं, असा मार्ग निघेल हे त्यालाही वाटलं नव्हतं.

शिवकन्या चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता तिनं विचारलं, "दुखनं वाढलं तर काय करता तुमी?"

बैठकीतल्या माना तिच्याकडं वळल्या. या घरातल्या सुना बैठकीत चहा आणत. प्रश्न आणत नसत.

"त्याचा प्रोटोकॉल असतो मॅडम," विजयकुमार म्हणाला. "आम्ही ताबडतोब हॉस्पिटलला शिफ्ट करतो. टायअप आहे आमचं."

"म्हणजे परत ॲम्बुलन्स," शिवकन्या स्वतःशीच म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बघा," विश्वंभर लगेच म्हणाला. बायकोचा मुद्दा एरवी त्याला दिसत नसे, पण तो धाकट्याच्या विरुद्ध जाणारा असला की लख्ख दिसे. "माझ्या मायला ॲम्बुलन्समध्ये मरू देनार न्हाई मी. माझ्या पाहन्यात जागा हाय. उद्या समदे चला."

विश्वंभरच्या पाहण्यातली जागा म्हणजे नरसीच्या रस्त्याला एका पुढाऱ्याच्या ट्रस्टनं चालवलेलं सेवाकेंद्र. जिल्हा परिषदेचं तिकीट कुणाला द्यायचं हे तोच पुढारी ठरवायचा, आणि विश्वंभर त्या तिकिटाच्या आशेवर बरीच वर्षं त्याच्या मागंपुढं हिंडत होता. मायला त्याच्या केंद्रात ठेवलं की मायची सेवा होईल आणि पुढाऱ्याचीही, असा त्याचा साधा सरळ हिशेब. तो मनात लबाड नव्हता. दोन्ही सेवा त्याला सारख्याच पवित्र वाटत.

दुसऱ्या दिवशी सगळे जीपमधून गेले. जनकाबाईंजवळ शेजारची शालूबाई बसली. केंद्राचं अंगण झाडून लख्ख होतं. भिंतीवर दाते आणि पुढारी यांचे फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत एक म्हातारा शाल घेऊन मधोमध बसलेला होता. व्यवस्थापकांनी आल्या आल्या यांचाही फोटो काढवून घेतला.

"इथं नशेचं औषध अजिबात देत नाही आम्ही," ते अभिमानानं म्हणाले. "सात्त्विक आहार आणि नाम. माणूस शुद्धीत जातो."

"आन दुखत असंल तर?" शिवकन्येनं आजही विचारलं.

"नाम वाढवायचं."

ओळीनं टाकलेल्या खाटांपैकी शेवटच्या खाटेवर एक म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं टॉवेलचं टोक दातांत धरलं होतं आणि पायाचे अंगठे आवळले होते. व्यवस्थापक म्हणाले, "हे आमचे सर्वांत शांत बाबा. कधी तक्रार नाही." सरितानं शिवकन्येकडं पाहिलं. दोघीही तिथून पुढं गेल्या नाहीत. विश्वंभर तोवर बागेत पुढाऱ्याच्या नावाच्या कोनशिलेपाशी फोन लावून उभा होता: "साहेब, तुमचंच केंद्र बघून राहिलो."

घरी आल्यावर भावाभावांची जुंपली. वैजनाथ म्हणाला, तिथं हायजिन नाही. विश्वंभर म्हणाला, नांदेडला माणुसकी नाही. मायवर आपलं किती प्रेम आहे हे दोघंही एकमेकांना इतक्या मोठ्यानं सांगत होते, की आतल्या खोलीत मायला झोप लागेना. शेवटी सरिता म्हणाली, "तिसरी एक जागा हाय. जागा म्हणजे, मायला कुठं न्यायचंच न्हाई. डॉक्टर आन नर्स घरी येतात. दुखन्याचं औषध देतात. बाळापूरपर्यंत बी येतात ते."

"कुठले?" वैजनाथनं विचारलं.

सरितानं पदर सारखा केला. "जवळा बाजारचे. डॉक्टर आरोही."

एवढा वेळ एकमेकांचा गळा धरायला निघालेले भाऊ एका क्षणात एकाच खाटेवर शेजारी शेजारी बसल्यासारखे झाले.

कारण असं होतं. त्यांचा बाप अमृतराव कापूस घेऊन जवळ्याच्या बाजाराला जायचा, आणि एका सालात तो जवळ्याला दुसरं बिऱ्हाड करूनच परतला. त्या दुसऱ्या बाईचं नाव पारुबाई. बाळापूरच्या घरात ते नाव कुणी उच्चारत नसे. तिला 'जवळ्याची' म्हणत. अमृतराव गेला तेव्हा ती शेवटचं तोंड बघायला आली होती, आणि या दोन भावांनी तिला दारातूनच परत लावलं होतं. आरोही ही तिची नात. मुंबईत शिकली, तिथंच अशा आजाऱ्यांचं काम शिकली, आणि सगळ्यांना वाटलं त्याच्या उलट, परत जवळ्यालाच आली.

"जवळ्याचीच्या नातीच्या हातचं औषध?" विश्वंभर ओरडला. "इख घालतील इख!"

"हा सरळ कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे," वैजनाथ म्हणाला. शब्द वेगळे होते, मत तेच होतं.

"मी भेटून आले तिला," सरिता म्हणाली. "चांगली हाय पोरगी. मायबद्दल इतकं बारीक इचारलं तिनं—"

"तू परस्पर भेटलीस?" विश्वंभर उभाच राहिला. "तू लगीन होऊन गेलेली. या घराची इज्जत तुला काहून कळंल?"

सरिता उठून स्वयंपाकघरात आली. डोळे पुसत तिनं शिवकन्येच्या फोनमध्ये एक नंबर टाकला. "वैनी, माझं कोनी ऐकनार न्हाई," ती म्हणाली. "तुमचं बी ऐकनार न्हाईत. पन तुमाला कोनी इचारत बी न्हाई, तेवढं एक बरं हाय." आणि ती दुपारच्या एसटीनं हिंगोलीला निघून गेली.

त्यानंतरच्या दुपारी दुखणं उसळलं. विश्वंभर साहेबांकडं गेला होता. वैजनाथ गच्चीवर मीटिंगमध्ये होता. त्याचं "येस, येस, ॲब्सोल्यूटली" खाली ऐकू येत होतं. जनकाबाईंनी पदराचा बोळा दातांत धरला आणि पायाचे अंगठे आवळले. शिवकन्येनं ते पाहिलं आणि हातातलं काम टाकून ती खाटेपाशी आली.

कळ जरा ओसरल्यावर जनकाबाई म्हणाल्या, "शिवकन्या, मला अल्सरच हाय ना गं?"

"व्हय, आत्याबाई."

"तुला खोटं बोलाया लावलं पोरांनी. तुला ते जमत न्हाई. भाजीत मीठ पडलं न्हाई तरी तुझ्या तोंडावर दिसतं." त्यांनी डोळे मिटले. "मी संभाजीनगरलाच समजले. इतक्या लांब नेऊन डॉक्टर माझ्याशी एक शबूद बोलला न्हाई. समदं ह्यांच्याशीच. बरी होनारी असते तर माझ्यावर वरडला असता, मिसरी सोडा म्हनून."

शिवकन्या खाटेच्या पायाशी बसली. मग तिनं जे विचारायचं होतं ते विचारून टाकलं.

"आत्याबाई, जवळ्याहून डॉक्टर बोलवू का? पारुबाईची नात हाय ती."

ते नाव त्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच निघालं असेल. जनकाबाईंनी डोळे उघडले. बाहेर कुकरनं वाफ सोडली.

"ती बी येईल का?"

"कोन, डॉक्टर?"

"पारी."

"मला न्हाई ठाव."

"इचार," जनकाबाई म्हणाल्या.

शिवकन्या अंगणात गेली. कुकरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं उभी राहून तिनं फोन लावला. या घरात आल्यापासून नवऱ्याला न विचारता तिनं कुणाला घरी बोलावलं नव्हतं, माहेरच्या माणसालासुद्धा. पलीकडचा आवाज तरुण होता आणि काही न विचारताच त्याला सगळं कळल्यासारखा होता. "काकू, निघालेच मी. आजीला बी इचारते," एवढंच ती म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा पांढरी गाडी अंगणात आली. योग असा, की विश्वंभरही त्याच वेळी परतला होता आणि पायरीवर चपला काढत होता. गाडीतून आधी औषधांची पेटी घेऊन आरोही उतरली. तिच्या मागून धुवट नऊवारीतली एक ठेंगणी म्हातारी, काठी टेकत.

विश्वंभर दारात आडवा झाला. "कुनी बोलावलं ह्यांना?"

"मी," शिवकन्या म्हणाली.

अंगणातला कुकर बोलला असता तरी विश्वंभर इतका चकित झाला नसता. तो सावरायच्या आत पारुबाई पायरीशी येऊन उभी राहिली.

"इश्वंभर, मागच्या टायमाला इथवरच आल्ते मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हवापाणी विचारल्यासारखं ती बोलत होती. "आज पुढं जाऊ देतोस, का पोरीला एकलीलाच धाडू? मी बसते गाडीत. मला काय, सावली हाय."

वैजनाथ गच्चीवरून खाली आला होता. "विशूभाऊ, सीन क्रिएट नको. लोक बघून राहिलेत," तो हळूच म्हणाला. नांदेडचं केंद्र सुचवताना तो माणुसकीसाठी इतका घायकुतीला आला नव्हता जितका आता शेजाऱ्यांसाठी आला.

तेवढ्यात आतून आवाज आला. क्षीण होता, पण आवाज जनकाबाईंचाच होता आणि त्या आवाजापुढं अमृतरावही वरमायचा. "कोन अडवून राहिलं रे तिला? येऊ दे आत."

विश्वंभर बाजूला झाला.

आरोही खाटेच्या काठावर बसली. तिनं आधी हात हातात घेतला, पेटी नंतर उघडली. "मोठी माय, तुमाला काय झालंय म्हनून सांगितलं ह्यांनी?"

"अल्सर."

"आन तुमाला काय वाटतं?"

"मला वाटतं कॅन्सर."

दारातून वैजनाथनं "माय!" अशी हाक मारली आणि चौकट धरली.

"घाबरू नको रे," जनकाबाई म्हणाल्या. "मी हाय ना."

आरोही हसली नाही. तिनं फक्त मान हलवली. मग तिनं सरळ सांगितलं. रोग जाणार नाही. दुखणं मात्र पुष्कळ कमी करता येईल. मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. त्यानं पोट बांधून येतं, म्हणून जोडीला रेचक द्यायचं. नर्स येत जाईल, ती स्वतःही येईल, आणि मध्येच दुखलं तर फोन करायचा.

"मॉर्फिन म्हणजे अफूच ना?" विश्वंभरनं तोंड उघडलं. "म्हातारपनी मायला व्यसन लावनार का?"

"लागू दे," जनकाबाई म्हणाल्या. "सोडायची पाळी कुठं येनार हाय आता?"

"आन कुठं राहायचं तुमाला, मोठी माय?" आरोहीनं विचारलं. "काही ठिकानी भरती बी करतात."

या प्रश्नावर दोन्ही भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. नांदेडची बाग पाहून झाली, नरसीच्या रस्त्यावरचे फोटो काढून झाले, दोन दिवस भांडण झालं. हा प्रश्न मात्र राहूनच गेला होता.

"हितंच," जनकाबाई म्हणाल्या. "तेवढा तो हळदीचा कुकर लांब न्या. वाफेनं उमळून येतं मला. किती दिवस सांगीन म्हनते, पन हे समदे माझ्याच सेवेत गुंतलेले."

पहिली गोळी देऊन आरोही शिवकन्येला औषधं समजावायला स्वयंपाकघरात गेली. जरा वेळानं शिवकन्या पाणी घेऊन परत आली, तर पारुबाई खाली न बसता खाटेवरच बसलेली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत होत्या.

"दात समदे गेले की तुझे," जनकाबाई म्हणाल्या.

"तुमचे बी कुठं राहिलेत, बाई?"

"तेनं तुला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं गं? मी कशी हाय म्हनून?"

"लई कजाग हाय म्हनले."

"मला म्हनायचा, पारी लई भोळी हाय."

"भोळीच व्हते. न्हाईतर आले असते का?"

जनकाबाईंच्या छातीत हसू अडकलं आणि खोकला झाला. पारुबाईनं त्यांची पाठ धरली. खोकला थांबल्यावर जनकाबाई म्हणाल्या, "तुझ्याकडं जायचा ना जवळ्याला, तवा गाव म्हनायचं, बिचारी जनका. आन मी इकडं पाय पसरून झोपायची. काय घोरायचा गं तो!"

"घोरायचे?" पारुबाई म्हणाली. "भिताडावरची पाल पडायची!"

आणि दोघी हसायला लागल्या. बाहेर पायरीवर बसलेल्या भावांनी ते ऐकलं. बापाच्या इज्जतीसाठी त्यांनी आयुष्यभर जवळ्याशी वैर धरलं होतं, आणि आत त्याच बापाच्या घोरण्यावर हसणं चाललं होतं.

दोन दिवसांसाठी म्हणून राहिलेली पारुबाई परत गेलीच नाही. शिवकन्येला झोप मिळू लागली. जनकाबाई उठून बसू लागल्या, दह्यात कालवलेला भात खाऊ लागल्या, आणि शालूबाई बघायला आली की तिला सांगू लागल्या, "ही माझी सवत." ती दचकली की त्यांना मजा वाटे. वैजनाथ पुण्याला परत गेला. विश्वंभर बायकोशी बोलेनासा झाला. शिवकन्येच्या ते लक्षात यायला बराच अवकाश लागला, कारण एरवीही तो फारसं बोलत नसे.

एका सकाळी न्याहारी झाल्यावर जनकाबाई गेल्या. पारुबाई पायाला तेल चोळत होती, शिवकन्या केस विंचरत होती. श्वास लांब लांब पडू लागला तसं पारुबाईनं हात थांबवला आणि म्हणाली, "सूनबाई, इंचरून घे नीट. वर मालक भेटतील, त्यांना वंगाळ दिसलेलं आवडत न्हाई." तोंडात टॉवेल नव्हता, पदर नव्हता. कपाळावर आठीसुद्धा नव्हती. शिवकन्या विंचरत राहिली आणि मग तिथंच, हातात फणी धरून, मोठ्यानं रडली.

तेराव्याच्या जेवणाला सगळी भावकी जमली. बैठकीत विश्वंभर बोलत होता आणि पंगत ऐकत होती.

"नांदेडचं बघितलं. नरसीकडचं बघितलं. पन मी वैजूला म्हनलं, घरचं मानूस ते घरचं मानूस. आपली आरोही असताना दुसरीकडं काहून जायाचं? लोक म्हनतील ते म्हनू दे. मायसाठी मी समदं वैर सोडलं."

"प्रॉपर तुलना करूनच निर्णय घेतला आम्ही," वैजनाथ म्हणाला.

सरिता वाढता वाढता थांबली आणि तिनं शिवकन्येकडं पाहिलं. शिवकन्येनं नवऱ्याच्या पानात बुंदी वाढली.

गावातला आडत दुकानदार हिरासिंग जेवण आटोपून विश्वंभरजवळ सरकला. "भाऊ, माझ्या बाबुजींना बी तसंच हाय. लई तकलीफ हाय. तुमी इतकं बघून ठरवलं, तर मलाबी त्या डॉक्टरीनबाईचा नंबर द्या."

विश्वंभरनं खिसा चाचपला. वैजनाथनं फोन काढून वरखाली केला. दोघांकडंही नंबर नव्हता.

"अगं, तो नंबर सांग ह्यांना," विश्वंभर म्हणाला. बायकोशी तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला.

शिवकन्येनं नंबर सांगितला. तिला तो पाठ होता. हिरासिंगनं तो फोनमध्ये घेतला, हात जोडले आणि निघाला. तिनं त्याला थांबवलं.

"बाबुजींना ठाव हाय का, काय झालंय ते?"

"न्हाई वैनी! कसं सांगावं? गॅस धरतो म्हनून सांगितलंय त्यांना. समद्या घरादाराला ताकीद दिलीय."

"म्हणजे त्यांना ठाव हाय," शिवकन्या म्हणाली, आणि दुसऱ्या पंगतीला बुंदी घेऊन गेली.